हाउसगल्लीतून दिसणारी मुंबई

गिरगाव, भुलेश्वर, काळबादेवी, मांडवी अशा जुन्या वस्त्यांत दोन इमारतींच्या पाठी एकमेकींना भिडत आलेल्या असतात आणि त्यांच्यामध्ये माणूस अंग चोरून जाईल एवढीच फट उरते. तिला मुंबईत हाउसगल्ली म्हणतात. मोऱ्यांचे नळ तिच्यात उतरतात, खिडकीतून भिरकावलेला केर तिच्यात साचतो. भुयारी गटारे येण्यापूर्वी चाळीतल्या शौचकुपांच्या तळाशी ठेवलेली मैल्याची टोपली उचलायला हलालखोर याच वाटेने शिरत असे. रस्त्यावरून जाणाऱ्याच्या तो दृष्टीस पडू नये, ही त्या रचनेतली सोय. इमारतीच्या दर्शनी बाजूला नक्षीदार लाकडी कठडे, दुकानांच्या पाट्या, सणासुदीला तोरणे. घर एकच, भाडेकरू तेच. पाहणारा कोणत्या बाजूला उभा आहे एवढाच फरक.

मुंबईच्या इतिहासाची दर्शनी बाजू भरपूर लिहिली गेली आहे. सात बेटे, राजकन्येच्या लग्नातले आंदण, पहिली आगगाडी, कापसाची तेजी, दानशूर शेटिये, काँग्रेसचे पहिले अधिवेशन, संयुक्त महाराष्ट्राचा लढा हा क्रम शाळकरी मुलांनाही पाठ असतो. मागची बाजू लिहायला बसले की अडचण येते ती साधनांची. गरीब माणूस सरकारी कागदावर उमटतो तो बहुधा तीन प्रसंगी: आजारी पडला, पकडला गेला किंवा मेला म्हणजे. आरोग्याधिकाऱ्यांचे वार्षिक अहवाल, पोलिसांची दप्तरे, कॉरोनरच्या चौकश्या आणि शिरगणतीचे तक्ते यांत त्याचा माग लागतो, आणि तिथेही त्याचे म्हणणे दुसऱ्याच कोणीतरी, बहुतेक वेळा इंग्रजीत, उतरवून घेतलेले असते. मराठीत गोविंद नारायण माडगावकरांनी १८६३ साली ‘मुंबईचे वर्णन’ प्रसिद्ध केले. मूळच्या गोव्याकडच्या या लेखकाला शहराचे अपार कौतुक होते. त्या कौतुकाच्या ओघातच बाजार, धंदे, जातीजमाती आणि त्यांच्या चालीरीती त्याने टिपून ठेवल्या. पण टोपली उचलणाऱ्याने किंवा साच्यावर उभे राहणाऱ्याने स्वतःच लेखणी हाती धरली, त्याला पुढे शंभर वर्षे लागली. तोवरचा इतिहास परक्याच्या अक्षरात वाचावा लागतो.

शहराचा आरंभच आजारपणाचा. १६६१ च्या विवाहकरारात पोर्तुगालने ही बेटे इंग्लंडच्या दुसऱ्या चार्ल्सला दिली आणि १६६८ मध्ये राजाने ती वर्षाला दहा पौंड भाड्याने ईस्ट इंडिया कंपनीच्या हवाली केली. भरतीचे पाणी महालक्ष्मीजवळच्या खिंडारातून आत शिरे आणि बेटांमधल्या सखल जमिनीची दलदल करून टाकी. नारळीच्या मुळाशी खत म्हणून मासळी कुजवीत, तिची दुर्गंधी वेगळीच. विलायतेहून आलेला माणूस इथे दोन पावसाळे काढील की नाही, अशी शंका सतराव्या शतकातल्या गोऱ्या प्रवाशांनी लिहून ठेवली आहे. गोऱ्यांच्या मृत्यूंची अशी वर्णने सापडतात. त्याच चिखलात भातशेती, मिठागरे आणि मासेमारी करून जगणाऱ्या कोळी, भंडारी, कुणबी, आगरी लोकांपैकी किती हिवतापाने आणि हगवणीने गेले, ते मोजण्याची गरज कोणाला वाटली नाही.

अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात गव्हर्नर हॉर्नबीच्या नावाने ओळखला जाणारा बांध पडला, खिंडार बुजले आणि भायखळा, ताडदेव, कामाठीपुरा या भागांतली जमीन हळूहळू वर आली. भराव घालणारे हात बाहेरून आले. निजामाच्या मुलखातून आलेले गवंडी आणि मजूर, म्हणजे कामाठी, यांच्या वस्तीवरून कामाठीपुरा हे नाव पडले. शेजारचा बेलासिस रस्ता १७९३ मध्ये तयार झाला तो सुरतेकडच्या १७९० च्या दुष्काळात पोटासाठी इकडे लोटल्या गेलेल्या लोकांकडून. वर्गणी काढून त्यांना दुष्काळी काम दिले गेले, हे तिथे बसवलेल्या शिलालेखातच नमूद होते. नाव मात्र देखरेख करणाऱ्या सेनाधिकाऱ्याचे लागले.

भराव जितका मातीचा होता तितकाच अफूचा. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात माळव्याची अफू मुंबई बंदरातून चीनला जाई, आणि तिच्या नफ्यावर पारशी, गुजराती, मारवाडी, कोकणी मुसलमान आणि इंग्रज अशा सर्वच पेढ्या गबर झाल्या. जमशेटजी जीजीभाई हे यातले सर्वांत मोठे नाव. पोरके, गरीब घरातून वर आलेले, चीनच्या अनेक सफरी केलेले. जार्डिन मॅथेसन या पेढीशी त्यांचा अफूचा आणि कापसाचा मोठा व्यवहार होता. माहीमच्या खाडीवरचा पूल त्यांच्या पत्नी अवाबाईंच्या पैशातून झाला, जे. जे. रुग्णालय जमशेटजींच्या देणगीतून उभे राहिले, आणि त्या रुग्णालयात दीडशेहून अधिक वर्षे गोरगरीब बरे होऊन घरी गेले. दान खोटे नव्हते. पैसा कुठून आला हे त्या काळी लपवलेही जात नव्हते. अफूचा व्यापार सरकारमान्य होता आणि त्यावरचे परवानाशुल्क कंपनीच्या खजिन्यात जमा होत असे. लाज वाटू लागली ती पुढच्या पिढ्यांना, आणि चरित्रांतून अफू हा शब्द गळत जाऊन ‘चीनशी व्यापार’ एवढाच उरला.

गुलामांचा विषय याहूनही कमी बोलला जातो. आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून पकडून आणलेली माणसे पश्चिम किनाऱ्यावरच्या बंदरांत विकली जात आणि मुंबईतल्या घरांत, गलबतांवर, गोदीत राबत. १८४३ च्या पाचव्या कायद्याने गुलामीची कायदेशीर मान्यता गेली, पण अरबी समुद्रातला व्यापार लगेच थांबला नाही. ब्रिटिश आरमार पकडलेल्या गलबतांवरची मुले मुंबईत उतरवी. त्यांतली कित्येक नाशिकजवळच्या शरणपूरच्या मिशनऱ्यांकडे पाठवली गेली. तिथे त्यांना इंग्रजी, सुतारकाम, लोहारकाम शिकवीत. डेव्हिड लिव्हिंग्स्टनचा १८७३ मध्ये आफ्रिकेत मृत्यू झाला तेव्हा शेवटचे धार्मिक विधी वाचणारा आणि पुढे शवाबरोबर लंडनपर्यंत गेलेला जेकब वेनराइट हा याच शरणपूरचा विद्यार्थी. नाईलच्या उगमाच्या शोधात इंग्रज संशोधकांना वाट दाखवणारा सिदी मुबारक लहानपणी गुलाम म्हणून हिंदुस्थानात आला, सुटला, आफ्रिकेत परतला आणि जन्मभर ‘बाँबे’ या आडनावाने ओळखला गेला. शहराचे नाव जगभर नेणाऱ्यांच्या यादीत त्याला कोणी बसवत नाही.

१८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेतल्या यादवीमुळे लँकेशायरच्या गिरण्यांना कापूस मिळेना आणि मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला. नेहमीच्या कमाईखेरीज सात-आठ कोटी पौंड शहरात आले, असा तेव्हाचा अंदाज. समुद्र हटवून जमीन करणाऱ्या कंपन्यांचे शेअर घोड्याच्या शर्यतीसारखे धावले. युद्ध संपले, भाव कोसळला आणि १८६५ च्या जुलैत पेढ्या एकामागून एक बुडाल्या. पुढे बँक ऑफ बाँबेही गेली. प्रेमचंद रायचंद आणि त्यांचे दिवाळे ही कथा सर्वपरिचित आहे. शिरगणतीचे दोन आकडे त्याहून बोलके आहेत. १८६४ मध्ये शहरात ८,१६,५६२ माणसे मोजली गेली आणि १८७२ मध्ये ६,४४,४०५. आठ वर्षांत पावणेदोन लाखांच्या आसपास माणसे कमी झाली. शेटियांच्या दिवाळ्यांचे खटले वर्षानुवर्षे चालले. या माणसांचे काय झाले, कोण कोकणात परतले, कोण पटकीत गेले, याचा खटला कुठेच उभा राहिला नाही.

वस्ती वाढली तसा मैल्याचा प्रश्न अक्राळविक्राळ झाला. विहारचे पाणी १८६० मध्ये आले, पण पाणी आत आणण्याची सोय बाहेर नेण्याच्या आधी झाल्याने शहर आणखी ओले आणि आणखी घाण झाले. मैला उचलण्याचे काम आर्थर क्रॉफर्ड आयुक्त असतानाच्या काळात नगरपालिकेने आपल्याकडे घेतले आणि त्यासाठी घरमालकांवर ‘हलालखोर कर’ बसवला. पालिकेच्या करआकारणीत हे नाव विसाव्या शतकातही पुष्कळ वर्षे टिकले. काम करणारी कुटुंबे बहुतांशी गुजरात-काठेवाडातून आणलेली, जातीने ठरलेली. त्यांच्याकडे एकच हत्यार होते, काम थांबवणे, आणि दोन दिवसांत सारे शहर नाकाला पदर लावी. १८८९ मध्ये त्यांनी संप केला. त्यावर १८९० मध्ये कायदा झाला: पालिकेच्या सफाई नोकराने सूचना न देता कामावरून दूर राहणे हा फौजदारी गुन्हा ठरला. गिरणीतल्या कामगाराने खाडा केला तर पगार कापला जाई; हलालखोराने केला तर तुरुंग. उचललेली घाण गाड्यांतून, मग रेल्वेने शहराबाहेर जाई. कुर्ला-चेंबूर हा लोहमार्ग मुळात कचऱ्याच्या गाडीसाठी १९०६ मध्ये टाकला गेला. माणसांची ये-जा त्यावरून १९२४ मध्ये सुरू झाली. देवनारला कचरा पडू लागला तो १९२७ पासून.

या सगळ्याचा हिशेब चुकता झाला मांडवीत. १८९६ च्या सप्टेंबरात डॉ. अकासियो व्हिएगास या मूळच्या गोव्याच्या डॉक्टरांनी तिथल्या रुग्णांच्या काखेतल्या आणि जांघेतल्या गाठी पाहून ग्रंथिक सन्निपात, म्हणजे प्लेग, असल्याचे निदान केले. मांडवी म्हणजे धान्याची कोठारे, आणि कोठारे म्हणजे उंदीर. उंदीर आधी मेले, पण उंदरावरची पिसू हा दुवा शास्त्राला पटायला अजून काही वर्षे होती. घाणीच्या वासातून रोग होतो, हीच पालिकेची समजूत. म्हणून गटारांत समुद्राचे पाणी आणि कार्बोलिक सोडले गेले, अंधाऱ्या खोल्यांत ऊन यावे म्हणून छपरांची कौले काढली गेली, घरांना चुना फासला गेला. ज्या घरात प्लेगचा रुग्ण निघाला त्याच्या दाराजवळ वर्तुळ काढीत. एकेका चाळीच्या भिंतीवर अशा वर्तुळांची माळ लागलेली असे. राहण्यास अयोग्य ठरलेल्या घरांवर तीन इंग्रजी आद्याक्षरे रंगवीत.

घरझडती, सक्तीने रुग्णालयात नेणे, स्त्रियांची तपासणी यांनी लोक रोगापेक्षा अधिक घाबरले. आर्थर रोडच्या रुग्णालयात नेलेला माणूस परत येत नाही, हा अनुभव खोटा नव्हता, कारण माणसे अखेरच्या अवस्थेतच तिथे पोचत. त्यातून अफवा उठली: राणीच्या पुतळ्याला कोणीतरी डांबर फासले, त्याचा सूड म्हणून राणीने माणसांची काळजे मागवली आहेत. डांबर फासले गेले होते हे खरे; पुढे पुण्याचा प्लेग अधिकारी रँड याच्या खुनाच्या प्रकरणात दामोदर चापेकरांनी ते कृत्य आपले असल्याचे सांगितले. २९ ऑक्टोबर १८९६ रोजी सुमारे हजार गिरणी कामगारांनी आर्थर रोडच्या रुग्णालयावर चाल केली. ९ मार्च १८९८ रोजी मदनपुऱ्यात एका विणकर मुसलमान कुटुंबातल्या आजारी मुलीला तपासण्यावरून दंगा पेटला, गोळीबार झाला. या घटनांना अहवालांत ‘अज्ञान’ म्हटले आहे. काळजाची अफवा अज्ञानाची होती हे खरे, पण घरात घुसलेल्या गोऱ्या सोजिराला आपल्या लेकीसुनांच्या अंगाला हात लावू न देणे हे अज्ञान कसे, याचे उत्तर त्या अहवालांत मिळत नाही.

दरम्यान ज्यांना जाता आले ते गेले. आठ-सव्वाआठ लाखांच्या शहरातून १८९७ च्या फेब्रुवारीपर्यंत जवळजवळ निम्मे लोक बाहेर पडले. बोरीबंदरावर आणि बोटीच्या धक्क्यावर वळकट्यांचे ढीग लागले. पळणाऱ्यांबरोबर प्लेग गावोगाव पोचला. त्याच वेळी ग्रँट मेडिकल कॉलेजातल्या एका खोलीत वाल्डेमार हाफकिन यांनी लस तयार केली, १० जानेवारी १८९७ रोजी ती आधी स्वतःला टोचून घेतली आणि मग भायखळ्याच्या तुरुंगातल्या कैद्यांवर तिचा प्रयोग झाला. कैदी ‘स्वेच्छेने’ पुढे आले, असे नमूद आहे. तुरुंगातल्या स्वेच्छेचा अर्थ ज्याने त्याने लावावा.

प्लेगने दोन गोष्टी मागे ठेवल्या. एक, १८९७ चा साथरोग कायदा, जो पुढे शंभरावर वर्षे देशभर वापरात राहिला. दुसरी, १८९८ ची बाँबे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट. ट्रस्टने कोंदट वस्त्या पाडून प्रिन्सेस स्ट्रीट, सँडहर्स्ट रोडसारखे रुंद रस्ते काढले. रस्ते चांगलेच होते, पण पहिल्या वीस वर्षांत पाडलेल्या खोल्या जास्त आणि बांधलेल्या कमी, असा हिशेब निघाला. उठवलेली माणसे शेजारच्या चाळीत दाटीवाटीने शिरली आणि तिथले भाडे चढले. १८९१ मध्ये ८,२१,७६४ असलेली लोकसंख्या १९०१ मध्ये ७,७६,००६ झाली होती. १९०६ पर्यंत ती पावणेदहा लाखांच्या पुढे गेली. रत्नागिरी, सातारा, कोल्हापूर, घाटमाथा आणि पुढे उत्तर हिंदुस्थान या भागांतून माणसे पुन्हा येत राहिली, कारण गिरण्यांचे भोंगे वाजत होते.

१८५४ मध्ये कावसजी दावर यांनी ताडदेवला पहिल्या कापडगिरणीची तयारी केली. विसाव्या शतकाच्या आरंभी परळ, लालबाग, चिंचपोकळी, भायखळा, वरळी हा सारा पट्टा गिरणगाव झाला होता. विजेचे दिवे येईपर्यंत उजाडल्यापासून मावळेपर्यंत काम. दिवे आले आणि दिवस पंधरा तासांचाही होऊ लागला. नोकरी देणारा मालक कामगाराला क्वचितच दिसे. देणारा, काढणारा, कर्ज मिळवून देणारा, गावकीतला तंटा सोडवणारा आणि दस्तुरी खाणारा असा एकच माणूस असे, जॉबर. बायकांच्या खात्यात तेच काम नाईकीण करी. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ पासून गिरणी कामगारांची गाऱ्हाणी मांडायला घेतली. साप्ताहिक सुटी मिळाली १० जून १८९० रोजी. आज ज्या रविवारावर सर्वांचा हक्क आहे त्याच्यामागे सहा वर्षांची झटापट आहे.

गिरणीत सगळे कामगार सारखे, असा एक गोड समज आहे. विणाई खात्यात पगार जास्त. तिथे अस्पृश्यांना साच्यावर उभे करीत नसत. कारण धोट्यात होते. कांडी संपली की नवी कांडी घालून सुताचे टोक धोट्याच्या भोकातून तोंडाने ओढून घ्यावे लागे, आणि एकाच्या उष्ट्या धोट्याला दुसऱ्याने तोंड लावणे विटाळाचे. अठरापगड जातींचे विणकर एकमेकांचा उष्टा धोटा ओढीत, त्याला हरकत नव्हती. महाराचे टोक आले की धर्म आठवे. १९२८ च्या सार्वत्रिक संपाच्या वेळी डॉ. आंबेडकरांनी हा प्रश्न संपाच्या पुढाऱ्यांसमोर ठेवला. लाल बावट्याखालच्या इतिहासात हे पान बराच काळ चिकटलेलेच राहिले. आंबेडकर स्वतः परळच्या इम्प्रूव्हमेंट ट्रस्टच्या चाळीत दोन खोल्यांत राहिले होते. चाळीचे भाडे, नळाची रांग आणि जातीची शिवाशिव हे सारे त्यांना पुस्तकातून शिकावे लागले नव्हते.

त्या काळच्या शिरगणत्यांत शहरातले दर चार माणसांपैकी तिघे, कधी त्याहून अधिक, एका खोलीच्या बिऱ्हाडात राहताना आढळतात. खोली म्हणजे दहा बाय दहा, कोपऱ्यात मोरी, मोरीशेजारी चूल. बायकोमुले गावी ठेवून आलेले लोक गाळ्यात राहत: एकेका गाळ्यात वीस-तीस जण, पाळीपाळीने झोपणारे. ज्याची रातपाळी सुटली तो, दिवसपाळीला निघालेल्याच्या अजून कोमट असलेल्या वळकटीवर पडे. जेवण खानावळीत, ती चालवणारी बाई बहुधा विधवा किंवा टाकलेली, महिन्याच्या उधारीवर वीस-पंचवीस जणांची पोळी-भाकरी थापणारी. १९२० च्या दशकात सरकारने नायगाव, वरळी, शिवडी आणि डिलाइल रोडला बी. डी. डी. चाळी बांधल्या. भिंतींमुळे त्या इतक्या तुरुंगासारख्या दिसत की सविनय कायदेभंगाच्या काळात वरळीच्या काही चाळींचा खरोखरच तुरुंग केला गेला.

१९१८ च्या इन्फ्लुएंझाने या घरांची प्रतवारी लावून दाखवली. ६ ऑक्टोबर या एका दिवशी शहरात ७६८ मृत्यू नोंदले गेले. मृत्यूचे प्रमाण युरोपियनांत हजारी ८.३, पारशांत ९, सवर्ण हिंदूंत १८.९, मुसलमानांत १९.२, आणि ज्यांना तक्त्यात ‘खालच्या जातीचे हिंदू’ म्हटले आहे त्यांच्यात ६१.६. विषाणू सर्वांना एकच लागला होता.

लहान मुलांचा आकडा याहून भयंकर आहे, आणि तो वाचताना सावधही राहावे लागते. १९२१ मध्ये मुंबईत नोंदल्या गेलेल्या हजार जन्मांमागे साडेसहाशेहून अधिक अर्भके वर्षाच्या आत दगावली. एका खोलीच्या बिऱ्हाडांत हे प्रमाण आठशेच्या वर गेले. यातला काही भाग नोंदीचा आहे: कोकणातल्या बाया बाळंतपणाला माहेरी जात, जन्म तिकडे लागे आणि मूल घेऊन परत आल्यावर मृत्यू मुंबईच्या खात्यावर पडे. तेवढी वजावट केली तरी उरणारा आकडा कोणत्याही शहराने लपवावा असाच. आई गिरणीत गेली की दहा-बारा तास मुलाने झोपून राहावे म्हणून त्याला बाळगोळी देत. मोहरीएवढी काळपट गोळी, आईच्या दुधात उगाळून बोटाने जिभेवर लावायची. तिच्यात अफू असे. १९२० च्या दशकात या कामगार बायांच्या बाळंतपणाची पाहणी झाली तेव्हा जवळजवळ प्रत्येक घरात ती सापडली. दुकानात ती उघड मिळे. माळव्याची अफू चीनच्या वाटेने गेली तशी परळच्या पाळण्यातही आली होती. १९२९ मध्ये मुंबई इलाख्यात प्रसूती लाभाचा कायदा झाला, देशातला पहिला. विधिमंडळात त्याला पाठिंबा देताना आंबेडकरांनी मातेच्या विश्रांतीचा भार मालकाने आणि सरकारने उचलावा, असे प्रतिपादन केले होते.

पुरुषांची संख्या बायकांच्या जवळजवळ दुप्पट असलेल्या या शहरात देहविक्रयाचा बाजार वाढला, यात नवल नाही. नवल आहे ते त्याच्या कारभाराचे. १८६८ च्या संसर्गजन्य रोग कायद्याने वेश्यांनी पोलिसांत नोंद करावी, ठरल्या दिवशी वैद्यकीय तपासणी करून घ्यावी आणि रोग आढळल्यास ‘लॉक हॉस्पिटल’मध्ये कोंडून घ्यावे, असे ठरले. हेतू गोऱ्या सैनिकांना आणि खलाशांना जपण्याचा. पुरुषाची तपासणी नाही. मुंबईत हा कायदा १८७० मध्ये लागू झाला, दोन वर्षांत गुंडाळला गेला, १८८० मध्ये पुन्हा आणला गेला आणि १८८८ मध्ये संपला. दोन्ही वेळा बायकांनी नोंदणी चुकवूनच तो निकामी केला. संप नाही, मोर्चा नाही, नुसते न सापडणे. कामगार चळवळींच्या इतिहासात याला जागा मिळायला हरकत नसावी.

सुवेझ कालवा झाल्यावर पूर्व युरोपातल्या बायकाही दलालांमार्फत इथे पोचल्या. कामाठीपुऱ्याला लागून असलेला करसेटजी सुकलाजी रस्ता सफेद गल्ली म्हणून ओळखला जाऊ लागला. पोलंड-रशियाकडच्या ज्यू बायका पोलिसांना चालत. धंद्यात इंग्रज बाई सापडली की तिला परत रवाना करीत, कारण राज्यकर्त्यांची अब्रू. फोरास रोड, फॉकलंड रोडला रस्त्याच्या कडेला गजांच्या खोल्या, लोकांच्या बोलण्यातले पिंजरे. १९१७ मध्ये डंकन रोडवरच्या एका कुंटणखान्यात पळू पाहणाऱ्या एका मराठी मुलीला छळ करून मारले गेले. तोवर ‘राजीखुशीचा मामला’ म्हणून डोळेझाक करणारे पोलीस त्या खटल्याने उघडे पडले, आणि १९२३ च्या कायद्याची वाट मोकळी झाली. कायद्याने दलाल थोडे आणि बायकाच जास्त पकडल्या गेल्या.

याच आवारात, पण वेगळ्या पायरीवर, गोव्याहून आलेल्या कलावंतिणींच्या पिढ्या होत्या. देवळाची सेवा आणि यजमानाचा आश्रय यांत अडकलेल्या घरांतून निघून त्यांनी मुंबईत गाण्याची तालीम मिळवली. केसरबाई केरकर, मोगूबाई कुर्डीकर ही नावे मैफलीच्या इतिहासात आदराने घेतली जातात. त्यांच्या आयांची आणि मावश्यांची नावे घेताना आवाज खाली येतो. कामाठीपुऱ्याची स्वतःची भाषा मराठी साहित्यात शिरली ती १९७२ च्या नामदेव ढसाळांच्या ‘गोलपिठा’तून. त्याआधी १९६३ मध्ये बाबुराव बागूल आणि जयवंत दळवी, १९६५ मध्ये भाऊ पाध्ये यांनी झोपडपट्टी आणि नाका कथा-कादंबरीत आणला होता, आणि पदपथावर सोडलेले मूल म्हणून एका गिरणी कामगाराने वाढवलेले नारायण सुर्वे कवी झाले होते.

दुसऱ्या महायुद्धात मुंबईवर बाँब पडले नाहीत, तरी १४ एप्रिल १९४४ च्या दुपारी व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकिन’ हे जहाज फुटले. कापसाच्या गासड्या आणि सुमारे चौदाशे टन दारूगोळा एकाच जहाजात, वर सोन्याच्या विटा. आगीशी झुंजताना अग्निशमन दलाचे ६६ जवान गेले. एकूण मृत सातशेहून अधिक, काहींच्या मते बरेच जास्त. गोदीतल्या रोजंदारी हमालांची हजेरी मुकादमाच्या डोक्यात असे, म्हणून नक्की आकडा कधीच लागला नाही. युद्धकाळाच्या निर्बंधांमुळे बातमीही दबली. सोन्याच्या विटा मात्र पुढे कित्येक वर्षे गाळ उपसताना सापडत राहिल्या आणि मोजून परत केल्या गेल्या.

स्वातंत्र्यानंतर १९४९ च्या दारूबंदी कायद्याने शहराला नवा तळमजला दिला. श्रीमंताला प्रकृतीच्या कारणास्तव परवाना, गरिबाला हातभट्टी. धारावीच्या, शीवच्या, अँटॉप हिलच्या खाजणांत भट्ट्या लागल्या. मोटारीच्या टायरच्या ट्यूबमध्ये दारू भरून अंगाला गुंडाळून आणीत. चाळीतल्या कित्येक विधवांनी घरात ‘आंटीचा अड्डा’ चालवून मुले शिकवली, आणि पोलिसांचा हप्ता हा घरखर्चातला नेमका कप्पा झाला. त्याच काळात न्यूयॉर्कच्या कापूस बाजाराच्या उघडत्या-मिटत्या भावावर आकडा लावण्याचा खेळ गिरणगावात भिनला. ते भाव बंद झाल्यावर चिठ्ठ्या मडक्यातून काढू लागले आणि मटका हे नाव पडले. वरदराजन, हाजी मस्तान, करीम लाला या टोळीनायकांच्या दंतकथा पुष्कळ लिहिल्या-चित्रित झाल्या. त्यांचा पाया असलेली ट्यूब वाहणारी पोरे आणि आकडा लिहून घेणारे पानवाले त्या चित्रपटांत गर्दीपुरते दिसतात.

१८ जानेवारी १९८२ रोजी दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. १९४६ च्या औद्योगिक संबंध कायद्याने एकाच मान्यताप्राप्त संघटनेला बोलणीचा हक्क दिला होता आणि कामगारांना ती नको होती. संपाचे एक मूळ तिथे होते. हा संप रीतसर मागे घेतला गेलाच नाही. कामगार गावी गेले, भाजी विकू लागले, घरातल्या बायका शिवणकाम आणि पोळीभाजीचे डबे करू लागल्या; काही घरांतली मुले टोळ्यांच्या आश्रयाला गेली. गिरण्यांखालची जागा सुमारे सहाशे एकर. १९९१ च्या विकास नियमावलीत तिचे तीन वाटे होते: शहराला मोकळी जागा, म्हाडाला घरे, मालकाला विक्री. २००१ च्या दुरुस्तीने हा हिशेब बांधकाम नसलेल्या उघड्या जागेपुरताच धरला गेला आणि पहिले दोन वाटे आकसले. २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती दुरुस्ती कायम ठेवली. चिमण्या पडल्या, काचेचे मनोरे आले.

घरांच्या वाट्यातली पहिली मोठी सोडत २८ जून २०१२ रोजी निघाली. दीड लाखाच्या आसपास माजी कामगार आणि त्यांच्या वारसांचे अर्ज, आणि घरे ६,९२५, प्रत्येकी २२५ चौरस फुटांची. अर्जासोबत आपण गिरणीत होतो याचा पुरावा जोडायचा होता: तिकीट नंबर, हजेरीचे कार्ड, विमा रुग्णालयाचे पुस्तक, प्रॉव्हिडंट फंडाची पावती, पगाराची चिठ्ठी. बदली कामगाराजवळ यांतले बरेचसे नसेच. गावच्या माळ्यावरच्या ट्रंका उतरवल्या गेल्या, वाळवी लागलेले कागद उन्हात पसरले गेले, विधवांनी नवऱ्याच्या खात्याचे नाव आणि पाळी आठवून सांगितली. ज्यांचे कागद जुळले त्यांचे नाव यादीत चढले. पुढच्या सोडतींतली काही घरे पनवेलजवळच्या कोन गावात निघाली.